मोतीला लस टोचली होती का?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत भंडारदरा परिसरातल्या एका पशुसखी ताईंनी केलेलं हे भाषण. तंबूंचा व्यवसाय करणाऱ्या गटांनी मागणी केली म्हणून ते बोलले तसंच छापत आहोत.)



मला बोलायला पंधरा मिनिटं दिलीत. विषय काय, असं अध्यक्षताईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, कुत्री. तर त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, शेळ्यांवर बोल, कर्जफेडीवर बोल, कुत्र्यांवर काय बोलतेस?" पण मला कुत्र्यांवरच बोलायचंय. त्यातही पाहुणे तंबूत राहायला येताना जी कुत्री बरोबर आणतात, त्यांच्यावर. आणि ज्यांच्याकडं ती येतात त्या आपल्यावर. हसून झालं की ऐका.

तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत आहे, आमच्या गटानं चार वर्षांपूर्वी धरणाच्या काठाला तंबू सुरू केले. आधी दोन होते, ग्रामसंघाचं कर्ज घेऊन आता सहा झाले. दिवाळीनंतर थंडीत गर्दी, मग मे संपता संपता काजव्यांची गर्दी. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, रात्री शेकोटी. काम कष्टाचं आहे पण पैसा रोख मिळतो.

पहिल्याच वर्षी मुंबईहून एका दादाचा फोन आला. म्हणाला, "ताई, तुमचं पेट फ्रेंडली आहे का?" मी म्हटलं, "हो दादा, तेल कमी टाकतो, पोटाला काही त्रास होणार नाही." तो दोन मिनिटं गप्पच. मग त्यानंच समजावलं, पेट म्हणजे पाळीव जनावर, त्याला त्याचं कुत्रं घेऊन यायचं होतं. मी म्हटलं, या की, कुत्र्याला कोण नाही म्हणतंय. आमच्याकडं काय कुत्र्यांना तोटा आहे?

तेवढंच बोलले मी. एक प्रश्न विचारला नाही. त्या दादाचं काही बिघडलं नाही, त्याच्यानंतर आले त्यांचंही नाही. पण मी काही विचारत नव्हते ती नव्हतेच, आणि त्याचे पैसे दुसऱ्या वर्षी डिसेंबरमध्ये फिटले.

शनिवार होता. सहाच्या सहा तंबू भरलेले. एका कुटुंबानं लॅब्रेडॉर आणला होता, ब्रुनो नावाचा. मोठं गरीब कुत्रं. दिवसभर आमच्या पोरांनी त्याच्याशी चेंडू खेळला. संध्याकाळी पट्टा काढलेला होता. कोण काही बोललं नाही, मीही नाही. आठच्या सुमारास चुलीपाशी जेवणाची ताटं करायला लागलो आणि कोंबडीच्या वासानं ब्रुनो आला. चुलीपाशी आमचा मोती बसलेला. मोती म्हणजे आमच्या घरचा, शेळ्यांची राखण करणारा. त्याच्या ताटाच्या जागेवर दुसरं कुत्रं आलेलं त्याला कसं चालेल? एका क्षणात दोघं एकमेकांच्या अंगावर.

माझी धाकटी जाऊ तिथंच भाकरी थापत होती. तिनं काय केलं, जे आपण कोणीही करू तेच केलं. मध्ये हात घातला, मोतीला ओढायला. आणि मनगटाच्या वर चांगला खोल दात लागला. रक्त वाहायला लागलं. पाहुण्यांनी ब्रुनोवर पाण्याची बादली ओतली तेव्हा दोघं सुटले. हे लक्षात ठेवा, भांडणाऱ्या कुत्र्यांच्या मध्ये हात घालायचा नसतो, पाणी ओतायचं किंवा गोधडी टाकायची. आम्हाला हे हात गेल्यावर कळलं.

जखम झाल्या झाल्या सासूबाई मिरचीपूड घेऊन धावल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या चुना लाव. मी पशुसखीचं प्रशिक्षण घेतलेली, मला तेवढं माहीत होतं, म्हणून मी तिला नळाखाली ओढलं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं म्हणजे किती असतात हे त्या दिवशी कळलं सख्यांनो. ती रडतेय, थंडीत पाणी बर्फासारखं, आणि मी मोबाईलमध्ये घड्याळ बघत साबण लावतेय. पण रेबीजचे विषाणू जखमेतच असतात तोपर्यंत ते धुऊन काढणं हा पहिला आणि सगळ्यात मोठा उपाय आहे. मिरची, हळद, चुना, तपकीर, काही काही लावायचं नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही. टाके घालायची घाई करायची नाही.

पाहुण्यांनीच त्यांच्या गाडीतून आम्हाला दवाखान्यात नेलं. जाताना गाडीत त्या बाईंनी मोबाईल काढला आणि ब्रुनोचं लसीचं कार्ड मला दाखवलं. रेबीजची लस कोणत्या तारखेला टोचली, बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं, डॉक्टरांचा शिक्का, पुढची तारीख. सगळं चोख. मग त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्या मोतीला लस टोचली होती का?"

मी गप्प बसले.

बघा सख्यांनो, मी पशुसखी. गावातल्या शेळ्यांना पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी वेळेवर मिळाव्यात म्हणून मी घरोघर फिरते. कोणाच्या शेळीची लस चुकली तर मी चार गोष्टी ऐकवते. आणि माझ्या दारातलं कुत्रं पाच वर्षांचं होईपर्यंत त्याला मी एक सुई टोचून घेतली नव्हती. कारण काय, तर कुत्र्यापासून उत्पन्न नाही. शेळी मेली तर हजारो रुपयांचं नुकसान, कुत्र्याचा हिशोब वहीत कुठंच नाही. आपण मनात म्हणत होतो, शहरातली कुत्री आपल्याकडं रोग घेऊन येतील. आणि त्या रात्री गाडीत बसून उलटंच निघालं. त्यांचं कुत्रं सुरक्षित होतं. त्या बाईंनाच काळजी पडली होती की मोती ब्रुनोला चावला, आता ब्रुनोचं काय. त्यांनी सोमवारी पहिलं काम ब्रुनोला डॉक्टरकडं नेण्याचं केलं.

जाऊबाईच्या हाताला चावलं कोण, मोती की ब्रुनो? अंधार, गडबड. शेवटपर्यंत कळलं नाही.

दवाखान्यात त्या रात्रीच पहिली लस मिळाली. आता ती पोटात चौदा इंजेक्शनं वगैरे नसते, ही जुनी भीती डोक्यातून काढून टाका. दोन्ही दंडांवर थोडी थोडी, कातडीत टोचतात. त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. काही ठिकाणी स्नायूत देतात, तिथं चौदाव्या दिवशीचीही एक असते. पण जखम खोल होती, रक्त आलं होतं, म्हणून डॉक्टर म्हणाले नुसती लस पुरणार नाही, जखमेच्या भोवती आणखी एक औषध टोचावं लागेल. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. नाव अवघड आहे, लिहून घ्या. लसीचा परिणाम सुरू व्हायला काही दिवस जातात, तेवढ्या दिवसांत हे औषध जखमेत विषाणूला अडवतं. ते तिथं नव्हतं. त्यासाठी दुसऱ्या दिवशी पहाटे मोठ्या सरकारी दवाखान्यात जावं लागलं. रविवारी पाहुण्यांच्या नाश्त्याला आमच्या दोन बायका कमी, ते वेगळंच.

आणखी एक. जाऊबाईचं बाळ तेव्हा सात महिन्यांचं होतं, अंगावर पीत होतं. सासूबाई म्हणाल्या, "सुया घेतल्या तर दूध बिघडेल, बाळाला बाधेल, दोन तरी टाळ." घरात त्यावरून रात्रभर वाद. मग नर्सताईंनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, गरोदर बाईला, पाजणाऱ्या बाईला ही लस चालते, आणि नाही घेतली तर काय होतं तेही सांगितलं. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही. तिथं औषध नाही. सासूबाई तिथून उठल्या ते पुढच्या सगळ्या तारखांना स्वतः बाळ मांडीवर घेऊन दवाखान्याबाहेर बसल्या.

आता मोतीचं सांगते. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवा. चावताना कुत्र्याच्या लाळेत रेबीज असेल तर ते कुत्रं दहा दिवसांच्या आत आजारी पडतं, मरतं. दहा दिवस धडधाकट राहिलं तर काळजी मिटली. म्हणून मी मोतीला बांधलं. आयुष्यात कधी न बांधलेलं कुत्रं. गोठ्याबाहेरच्या खांबाला. खायला घालायचे, लांबूनच, आणि त्याच्या तोंडाकडं बघायचे. लाळ गळतेय का, पाणी पितोय का, आवाज बदलला का. चार दिवस व्यवस्थित होता. पाचव्या दिवशी सकाळी उठले तर खांबाला नुसता दोर.

दोर कुरतडून गेला की बिबट्यानं नेला, ते आजपर्यंत कळलं नाही. दोन दिवस माळ पालथा घातला. आमच्या तालुक्यात बिबट्याला कुत्र्यासारखं सोपं भक्ष्य दुसरं नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच अकोले तालुक्यात बिबट्याची विष्ठा तपासून अभ्यास केला होता. २०१४ साली तो छापून आला. बिबट्या जे खातो त्याच्या वजनात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला, सुमारे ३९ टक्के. हे मला नंतर एका प्रशिक्षणात कळलं. आधी कळलं असतं तर मोतीला रात्री गोठ्याच्या आत घेतलं असतं. बाहेर बांधला तो मीच.

तर दहा दिवस पूर्ण झालेच नाहीत. मग जाऊबाईच्या सगळ्या लसी पूर्ण करायच्या, दुसरा मार्ग नाही. अठ्ठाविसावा दिवस उजाडेपर्यंत घरात कोणी मोकळं हसलं नाही. जाऊबाई रात्री उठून पाणी पिऊन बघायची, गिळता येतंय ना म्हणून. मला तिनं हे कधी सांगितलं नाही, दिरांनी सांगितलं. आज ती समोर तिसऱ्या रांगेत बसलीय, बाळ आता पळतंय. ठणठणीत आहे. लाजू नको गं, हात वर कर.

त्यानंतरच्या गटाच्या बैठकीत कुत्रेवाले पाहुणे बंद करा, असा ठराव आला. सहा जणी बंदच्या बाजूच्या, चार चालूच्या. मी त्या चारांत होते. मला बोलायचा हक्क कमी होता, कारण चूक माझीच होती, पण मी बोलले. बुकिंगची वही काढली. शनिवारच्या सहा तंबूंपैकी एखादा तरी कुत्रेवाल्यांचा असतो. ही माणसं घर सोडून कुठं जाऊ शकत नाहीत, कुत्र्याला कोणाकडं ठेवणार? जिथं कुत्र्याला घेतात तिथंच ती पुन्हा पुन्हा येतात, चार ओळखीच्यांना सांगतात. आणि कुत्रं घेऊन माळावर मुक्काम करणं हे शहरवाल्यांनी काढलेलं खूळ आहे का? धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात तेव्हा वाड्याबरोबर कुत्री नसतात का? ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बाया कोपीवर कुत्रं नेत नाहीत का? कुत्र्याचं काही वाकडं नाही. आपण काही विचारत नव्हतो, तिथं चुकलं.

शेवटी वर्षभर करून बघू, असं ठरलं. आता आम्ही काय करतो ते सांगते, म्हणजे ज्या गटांना तंबू किंवा होमस्टे करायचेत त्यांना उपयोग होईल.

फोनवरच विचारतो, लसीचं कार्ड आहे का? फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा. फोटो आल्याशिवाय ॲडव्हान्स घेत नाही. कार्डावर तारीख बघायची. लस टोचून वर्ष उलटलेलं नको. आणि पिल्लाला आयुष्यातली पहिलीच लस परवा टोचली आणि आज तंबूवर आणलं, तेही नको. पहिल्या लसीनंतर अंगात ताकद यायला तीन-चार आठवडे लागतात. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला तर ती लस सहसा झालेलीच नसते. सुरुवातीला असं विचारायला मला संकोच वाटायचा, पाहुण्याला कागद मागायचा म्हणजे अपमान केल्यासारखं. पण गंमत सांगते, चांगली कुत्रेवाली माणसं खूश होतात. म्हणतात, ताई, तुम्ही विचारता म्हणजे दुसऱ्यांचीही कुत्री तपासत असाल. जो चिडतो, त्याच्याकडं कार्ड नसतं.

कुत्रेवाल्यांना कडेचा तंबू देतो, शेळ्यांच्या गोठ्यापासून आणि चुलीपासून सगळ्यात लांबचा. पट्टा सुटता कामा नये, हे आल्या आल्या हसून पण ठामपणे सांगतो. कुत्र्यामागं दोनशे रुपये जास्त घेतो, सफाईचे. विष्ठा त्यांनीच उचलायची, पिशवी आम्ही देतो. शहरात त्यांना सवय असते, इथं मोकळं रान दिसलं की विसरतात. आपण त्याच रानात गुरं चारतो, त्याच काठाला भांडी घासतो.

रात्री कुत्रं तंबूच्या बाहेर बांधायचं नाही. कधीच नाही. आतच, मालकाबरोबर. तंबूचं कापड ही काही भिंत नव्हे, म्हणून ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी पडवीची एक खोली दार लावून ठेवलीय. रात्री लघवीला बाहेर काढायचं तर दोन माणसं, बॅटरी, आवाज करत, पट्टा आखूड धरून. मी पाहुण्यांना मोतीची गोष्ट सांगते. मग वेगळं समजवावं लागत नाही.

पाहुणे सांदण दरीकडं, रतनगडाकडं निघाले तर कुत्रं बरोबर घेण्याआधी वन खात्याच्या नाक्यावर विचारा म्हणून सांगतो. तो अभयारण्याचा भाग आहे. मागं एक जोडपं असंच विचारायला थांबलं नाही, आणि परत येऊन कुत्रं दिवसभरासाठी आमच्या गळ्यात घालून गेलं. आता दिवसाचं सांभाळणं असेल तर त्याचे पैसे वेगळे, आणि ते कुत्रं आधी तासभर आमच्याशी ओळख करून घेणार.

उन्हाचं मात्र फार महत्त्वाचं आहे. मे महिन्यात एक पग आला होता, त्या चपट्या नाकाचं छोटं कुत्रं. मालक जेवायला बसले आणि त्याला गाडीत ठेवलं, काच बोटभर उघडी. बारा वाजले होते. आमच्या आजी चुलीपुढून उठून गाडीपाशी गेल्या आणि ओरडल्या. कुत्रं जिभा काढून धापा टाकतंय, तोंडातून फेसासारखी लाळ, पाय लटपटतायत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंगातली उष्णता काढतं, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही धड जमत नाही. आजींनी त्याला आंब्याखाली आणलं, माठातलं पाणी पोटावर, पायांवर, काखेत ओतलं, टोपलीनं वारा घातला. पाणी प्यायला ठेवलं पण तोंडात ओतलं नाही. मग डॉक्टरांकडं पाठवलं. वाचलं. बंद तंबूही सकाळी दहानंतर तसाच तापतो, हे कुत्र्यांसाठी आणि दुपारी झोपणाऱ्या पाहुण्यांसाठी दोघांसाठी खरं. आजींना त्या मालकिणीनं पुण्याहून साडी पाठवली. आजी म्हणतात, बाईच्या हातानं माणसाचा जीव वाचवला तर कोणी साडी देत नाही.

खाण्याचंही आम्हाला शिकावं लागलं. आपण कुत्र्याला उरलेली भाजी-भाकरी घालतो, पण कांदा-लसूण कुत्र्याला आणि मांजराला बाधतो, रक्त कमी करतो. म्हणून रस्सा घालायचा नाही, साधी भाकरी, भात, उकडलेलं अंडं. शिजवलेल्या कोंबडीची हाडं टोकदार फुटतात, घशात-आतड्यात अडकतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, तेही नाही. आणि बोकड कापला तर कच्चं आतडं-काळीज कुत्र्यापुढं टाकायचं नाही, आपल्या कुत्र्यापुढंही नाही. त्यातून कुत्र्याच्या पोटात एक बारीक जंत होतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि माणसाच्या काळजात पाण्याच्या गाठी करतात. दर तीन महिन्यांनी आपल्या कुत्र्याला जंताचं औषध द्या. शेळ्यांना देतोच की.

पाऊस उघडल्यावर गवतात गोचीड फार. पाहुण्यांना निघताना कुत्र्याचे कान, पायाच्या बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखालची जागा बघायला सांगतो. चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढायचा. हातानं चिरडायचा नाही, रॉकेल ओतायचं नाही.

मांजराचं एकदाच झालं. एक मुलगी जाळीच्या खिडकीच्या पिशवीत मांजर घेऊन आली, त्याला दोराचा पट्टाही होता, पण रात्री तिनं तो काढला. वाऱ्यानं तंबू फडफडला, मांजर घाबरून चेनच्या फटीतून पसार. आम्ही सगळ्या बॅटऱ्या घेऊन "मनी मनी" करत धावलो, ते आणखीच लांब गेलं. मग आजींनी सगळ्यांना झोपायला पाठवलं. मुलीची ओढणी आणि मांजराची गादी तंबूच्या तोंडाशी टाकली, आणि मुलीला एकटीला गप्प बसवलं. पहाटे मांजर लाकडाच्या मोळीतून निघून गादीवर येऊन बसलं. तेव्हापासून मांजरवाल्यांना मी तंबू देत नाही, खोलीच देते.

हे सगळं पाहुण्यांच्या जनावरांचं झालं. पण मी आज इथं उभी राहिले ती आपल्या कुत्र्यांसाठी. पाहुण्याकडं कार्ड मागायचं आणि आपल्या दारातल्या कुत्र्याला कार्डच नाही, हे मला तोंड वर करून सांगता येत नव्हतं. म्हणून गेल्या वर्षी हंगामाआधी आम्ही आमच्या वाडीतली कुत्री मोजली. घरांची, आणि कोणाचीच नसलेली. पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांना भेटलो, तारीख घेतली, आणि त्या दिवशी शाळेच्या आवारात वाडीतल्या घरच्या सगळ्या कुत्र्यांना लस टोचली. पोत्याच्या दोरानं, साडीच्या काठानं, जसं जमेल तसं बांधून आणली. दोन सटकली, ती दुसऱ्या खेपेला. कोणाचीच नसलेली मात्र हाताला येत नाहीत. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या नियमानुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. म्हणजे ग्रामसभेत हा विषय आपल्यालाच मांडावा लागणार. आम्ही मांडलाय, ठराव झालाय, अजून गाडी आलेली नाही. मी विचारत राहणार.

ब्रुनोवाले गेल्या डिसेंबरात पुन्हा आले. गाडीतून उतरल्या उतरल्या त्या बाईंनी विचारलं, मोती? मी नाही म्हटलं. मग मी त्यांना आमच्या नव्या कुत्रीचं कार्ड दाखवलं. चंपी नाव तिचं. तारीख, लेबल, शिक्का, सगळं. त्यांनी कार्ड हातात घेऊन नीट वाचलं. ब्रुनोला कडेचा तंबू दिला. चंपी गोठ्यात आत, कडी लावून.

माझी प्रभागसंघाकडं मागणी अशी आहे, की दिवाळीच्या आधी आपल्या सगळ्या गावांत एकेक लसीचा दिवस लावावा. डॉक्टरांशी बोलायचं काम आम्ही पशुसख्या करतो. ग्रामसंघांनी फक्त कुत्र्यांची यादी द्यायची: घर कोणाचं, कुत्रं की कुत्री, वय अंदाजे, आणि कुत्रं धरायला घरातलं कोण येणार. मी वही आणलीय, चहाच्या वेळेला दाराजवळच्या बाकावर बसते. ज्या गावाचं नाव आज येईल त्या गावाची तारीख आधी घेईन.